चार टक, पाच काडतुसं: सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

रिव्हॉल्व्हर आज ताब्यात आलं. सेकंडहँड, इटालियन बनावटीचं, १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची प्रतिकृती. कॅलिबर .४५ कोल्ट, नळी साडेपाच इंची, वजन किलोच्या जरासं वर. असल्या प्रतिकृती बहुतेक करून उत्तर इटलीतल्या व्हाल ट्रोम्पिया खोऱ्यातून येतात; बंदुका घडवायचा धंदा तिथं कैक शतकांचा आहे. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, पैसे दिले, निघालो. अ‍ॅरिझोनात त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. शस्त्र परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत चपला झिजवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या काकांना हे सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत.

काम दोन भागांत करायचं ठरवलंय. एक, भरणं, मारणं आणि रिकामं करणं हा क्रम हाताला लावून घ्यायचा. दोन, याची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी, जागची हलत नाही. तेव्हा पंधरा यार्डांवर गोळी नेमाच्याच जागी बसेल असं ते करून घ्यायचं.

सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे चाप एकच काम करतो: चढवलेला घोडा सोडतो. घोडा दर वेळी अंगठ्यानं मागं ओढायचा, आणि तो ओढतानाच सिलिंडर पुढच्या घरावर येतं. पोलिसांकडं असायची ती रिव्हॉल्व्हरं डबल अ‍ॅक्शनची. त्यांत चाप दाबत नेला की घोडा आपोआप चढतो नि पडतो. म्हणून त्यांचा चाप लांब आणि जड. याचा ताणकाट्यावर मोजला, दीड किलोच्या आत सुटतो.

पोटात घोडा, चाप, सिलिंडर जागेवर अडवून धरणारा बोल्ट, सिलिंडर फिरवणारा हात आणि पट्टीच्या तीन स्प्रिंगा. कामाचं यंत्र म्हणजे एवढंच. मला याचं आकर्षण ते. काउबॉयचं मला फारसं कौतुक नाही.

इतिहास मात्र गमतीचा आहे. रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थानं १८५५ साली आरपार भोकांच्या सिलिंडरचं पेटंट घेतलं आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनला दिला. १८६९ मध्ये मुदत संपेपर्यंत कोल्ट कंपनीला मागून काडतूस भरायचं रिव्हॉल्व्हर उघडपणे काढता येईना. खुद्द सॅम्युएल कोल्ट १८६२ लाच वारला होता. ज्या रिव्हॉल्व्हरनं त्याचं नाव घरोघरी गेलं ते त्यानं पाहिलंही नाही. विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स या कंपनीतल्या माणसांनी ते उभं केलं आणि १८७३ ला अमेरिकन लष्करानं घेतलं. घोडदळाला साडेसात इंची नळी. पुढं पावणेपाच आणि साडेपाचही निघाल्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

रात्री जेवणानंतर तासभर डमी काडतुसं घेऊन बसलो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की आधी गेट, म्हणजे सिलिंडरमागचं काडतूस भरायचं झाकण, उघडायचं आणि सहाही घरं एकेक करून डोळ्यांनी बघायची, मग बाकी सगळं. बघून झालं तरी नळी माणसांकडं वळवायची नाही, आणि घोडा पाडायचा नसेल तोवर बोट चापाच्या कड्याबाहेर. हे रेंजवरही आणि घरीही.

घोडा सावकाश मागं ओढला की चार वेळा टक असा आवाज येतो. प्रत्येक टकेचा अर्थ वेगळा, म्हणून एकेक लिहून ठेवतो.

पहिली टक अगदी लगेच, घोडा दोन-तीन मिलिमीटर उचलला की. घोड्याच्या बुडात खाचा आहेत, चापाचं वरचं टोक त्यातल्या पहिल्या खाचेत अडकतं. हिला सेफ्टीची खाच म्हणत, आणि सगळी गोम इथंच आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरचं टोचं थेट घोड्यालाच बसवलेलं आहे. घोडा पूर्ण खाली असेल तर ते टोचं समोरच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोक्यानं बारूद पेटवणाऱ्या भागावर, टेकून बसतं. पहिल्या खाचेवर असेल तर टोपीपासून सुटलेलं असतं खरं, पण मधे काय, तर चापाचं ते पातळ टोक. रिव्हॉल्व्हर फरशीवर घोड्याच्या बाजूनं पडलं तर टोक तुटू शकतं, खाचेची कड उडू शकते, आणि गोळी सुटते. त्यामुळं या खाचेला सेफ्टी म्हणू नये या मताचा मी झालोय. खरी सेफ्टी म्हणजे घोड्याखालचं रिकामं घर. सहा घरांचं रिव्हॉल्व्हर, काडतुसं पाच.

दुसरी टक म्हणजे अर्धा घोडा. बोल्ट सिलिंडरच्या खाचेतून खाली ओढला जातो आणि सिलिंडर बोटानं मोकळं फिरतं. भरणं आणि रिकामं करणं या एकाच स्थितीत.

तिसरी टक बोल्टची. तो सुटून वर येतो आणि सिलिंडरच्या अंगाला लागतो. चौथी टक पूर्ण घोड्याची. तोवर आतल्या फिरवणाऱ्या हातानं सिलिंडर जागेवर आणलेलं असतं आणि बोल्ट खाचेत बसलेला असतो. या टकेनंतर सिलिंडर चिमटीत धरून हलवून बघितलं. जरासा खेळ आहे, चालेल.

अर्ध्या घोड्यावरून घोडा सरळ खाली सोडायचा नाही, हेही इथंच लिहून ठेवतो. पूर्ण चढवायचा आणि मग उतरवायचा. अर्ध्यावरून सोडला की बोल्ट दोन खाचांच्या मधे कुठंतरी उठतो आणि पुढच्या वेळी सिलिंडर फिरताना त्याच्या अंगावर ओरखडा काढतो. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरभोवती जी चकाकती रेघ दिसते ती बहुधा याचीच. माझ्या सिलिंडरवर आधीच्या मालकाची रेघ आहे, फिकट.

भरायचा क्रम सगळ्या अमेरिकेत एकच: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण चढव, उतरव. अर्धा घोडा, गेट उघडं. पहिलं घर भरलं, एक घर फिरवून रिकामं सोडलं, पुढची चार ओळीनं भरली, गेट बंद. घोडा पूर्ण चढवला की ते सोडलेलं घर बरोबर घोड्यासमोर येतं. मग अंगठ्यानं घोडा धरून, चाप दाबून, हळूच उतरवायचा. अंगठा निसटला तरी खाली रिकामं घर. हिशेब इतका नेटका आहे की कुणी बसून आखला असेल असं वाटत राहतं. शेवटी रिव्हॉल्व्हर आडवं धरून सिलिंडर आणि मागची भिंत यांच्यामधून काडतुसांच्या कडा बघायच्या. मोजणीवर विसंबायचं नाही.

रुगर कंपनीनं १९७३ साली यावर उपाय काढला: घोडा आणि टोच्याच्या मधे एक पट्टी, जी चाप दाबलेला असेल तरच वर येते. त्यांच्या नव्या मॉडेलांत सहाही घरं भरता येतात, आणि गेट उघडलं की सिलिंडर मोकळं होतं, अर्ध्या घोड्याची भानगडच नाही. जुन्या मॉडेलांतही ती पट्टी कंपनी फुकट बसवून देते. शहाण्या माणसानं ते घ्यावं. मी घेतलं नाही, कारण मला चारही टका हव्या होत्या.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बेन एव्हरी रेंज. फिनिक्सच्या उत्तरेला, अ‍ॅरिझोना गेम अँड फिश खात्याची. आता कुठं हवा माणसांत आलीय. उन्हाळ्यात इथं नळीला हात लावायची सोय नसते.

सीझ फायर पुकारला की रिव्हॉल्व्हर रिकामं, गेट उघडं, बाकावर नळी टार्गेटकडं करून ठेवायचं आणि रेषेच्या मागं यायचं. लोक टार्गेट बदलायला पुढं गेलेले असताना बाकावरच्या कशालाही हात नाही, चष्मा पुसायचा असला तरी तो मागं जाऊन पुस. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल मारली होती तेव्हा उस्ताद हेच हिंदीत ओरडायचे. इथले रेंज ऑफिसर ओरडत नाहीत, पण एकदाच सांगतात.

कानात बोंडं आणि वरून मफ, दोन्ही. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

काडतूस: २५० ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास, मंद वेगाची. मूळ काडतुसात चाळीस ग्रेन काळी बारूद असायची. हे तितकं जोरकस नाही आणि मला ते नकोही होतं.

सुरुवात सात यार्डांवर. मुठीबद्दल जे वाचलं होतं ते हातात घेतल्यावरच कळलं. या मुठीला अमेरिकन लोक नांगराची मूठ म्हणतात. आपलं रुमणं. वरून खाली वळत गेलेली, गुळगुळीत, आणि लहान. माझी करंगळी तिच्यावर मावत नाही, ती मुठीच्या बुडाखाली दुमडून ठेवावी लागते. आधुनिक पिस्तुलासारखी घट्ट आवळून धक्का रोखायला गेलं तर तो सगळा मनगटात बसतो. सैल नाही पण हट्टानंही नाही, अशी धरली की धक्क्यासरशी रिव्हॉल्व्हर तळहातात वरच्या बाजूला गोल फिरतं, नळी आकाशाकडं जाते, आणि घोड्याचं शिंग आपसूक अंगठ्याखाली येतं. अंगठा टेकवायचा, नळी खाली येत असतानाच घोडा चढवायचा. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी धक्क्यालाच कामाला लावलंय. हे बघायला मिळालं एवढ्यावरही मी आज खूश होतो.

दोन्ही हातांनी धरताना घोडा डाव्या अंगठ्यानं चढवतो. उजव्या हाताची पकड हलत नाही. फक्त डावा हात पुढं सरकता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामधे फट असते, तिच्यातून दर गोळीला गरम वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. फट फिलर गेजनं मोजली, सहा हजारांश इंच. योग्य आहे. पण योग्य फटीतूनही काय येतं ते बघायला रिव्हॉल्व्हर सँडबॅगवर टेकवलं, फटीच्या शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा उभा केला आणि एक गोळी मारली. कागदावर काळी उभी रेघ, मधे चिरलेली, कडा जळून तपकिरी. तो तुकडा रेंजच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. नवीन कुणी बरोबर आलं तर आधी तो दाखवायचा.

मग पंधरा यार्ड. गोळ्या सगळ्या खाली, चांगल्या वीतभर नाही पण चार बोटांच्या वर, आणि थोड्या डावीकडं. जवळजवळ पडल्या हे महत्त्वाचं. विखुरल्या असत्या तर पुढचं काही करण्यात अर्थ नव्हता.

रिकामं करणं हा सोहळा आहे. अर्धा घोडा, गेट उघडं, नळी वर पण टार्गेटच्याच दिशेला, इजेक्टरची दांडी दाबली की एक पुंगळी मागं पडते. सिलिंडर एक घर फिरव, परत दांडी. शेजारच्या लेनवरचा पोरगा तेवढ्या वेळात पंधरा गोळ्यांची मॅगझिन संपवून दुसरी भरत होता. त्यानं विचारलं, मजा येते का यात. येते.

घरी येऊन आधी साबण आणि गार पाण्यानं हात. शिसं हाताला लागतं आणि हातावाटे पोटात जातं. रेंजवर खाणंपिणं नाही, भडंगाची पुडी गाडीतच राहते.

१७ नोव्हेंबर, रविवार

इजेक्टरच्या नळकांड्याचा स्क्रू ढिला. मुठीच्या मागचे दोनही. धक्क्यानं हे होतच राहणार. बाजारातला साधा स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही, त्याचं पातं निमुळतं असतं आणि खाचेच्या कडा उधळतात. पातं समांतर घासलेलं लागतं, खाचेत गच्च बसणारं. आटे धरून ठेवणारं निळं थ्रेडलॉकर लावलं. लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवून काढावं लागेल.

१ डिसेंबर, रविवार

सासरे आलेत साताऱ्याहून. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त. आल्यापासून एकच: "जावईबापू, तुमचं ते यंत्र बघू तरी."

"अण्णा, बघा, पण रेंजवर मारायला देता येणार नाही."

"का? आम्ही काय पहिल्यांदा हातात धरणार हाय?"

कायदा समजावून सांगितला. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकन संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि रेंजवर तासभर हातात घेऊन मारणं हेही बाळगणंच. अपवाद आहेत, त्यातला लोकांना ठाऊक असलेला म्हणजे वैध शिकारीचा परवाना. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांनाही हेच लागू. ग्रीन कार्ड झालं की मात्र ही बंदी राहत नाही. आपल्या मंडळात कितीतरी जणांना हे माहीत नसतं. पाहुण्यांना हौसेनं रेंजवर नेतात, फोटो काढतात आणि वर ते टाकतात. म्हणून इथं ठळक लिहितोय.

अण्णांना कायदा म्हटल्यावर पटलं. मफ लावून मागच्या बाकावर बसले. दर पाच गोळ्यांनंतर शेरा. "लई वेळ लावता." मग, "चाप खेचू नका, दाबा." हे मात्र बरोबर होतं. परतताना गाडीत त्यांच्या .३८ बोअरच्या सरावाबद्दल सांगत होते. गोळ्या मोजून मिळायच्या आणि सराव झाला की तेवढ्याच पुंगळ्या मोजून परत जमा करायच्या. एक पुंगळी गवतात गेली तर अख्खी तुकडी गुडघ्यावर. माझ्या डब्यातल्या पुंगळ्या त्यांनी घरी येऊन मोजल्या. बरोबर भरल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

आज फक्त मोजमाप. सँडबॅगवर टेकवून, पंधरा यार्ड, दोन प्रकारची काडतुसं.

२५० ग्रेन: सरासरी १०० मिमी खाली, २५ मिमी डावीकडं.

२०० ग्रेन: त्याहूनही खाली.

हलकी गोळी खाली लागते हे ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. कारण धक्का. बारूद पेटल्याबरोबर नळी वर उचलायला लागते. जड आणि मंद गोळी नळीत जास्त वेळ असते, म्हणून बाहेर पडेपर्यंत नळी जास्त उचललेली असते. तेव्हा माशीला हात लावण्याआधी काडतूस कायमचं ठरवावं लागतं. २५० ग्रेन ठरलं. त्याच रिव्हॉल्व्हरमधून उद्या २०० मारल्या तर नेम परत बिघडणार.

या रिव्हॉल्व्हरची मागची साइट म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली नुसती खाच, आणि पुढं नळीवर पातळ पात्यासारखी माशी. माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, मालकानं आपल्या काडतुसाप्रमाणं घासून घ्यावी म्हणून. गोळी खाली लागते, तर माशी कमी करायची. किती, ते त्रैराशिकाचं गणित: खाचेपासून माशीपर्यंत १६८ मिमी, गोळी १०० मिमी खाली, अंतर १३,७१६ मिमी.

१६८ × १०० ÷ १३,७१६ = १.२ मिमी.

आज यातली फक्त ०.८ काढायची.

नळीवर दोन थर मास्किंग टेप, घोडा खाली, सिलिंडर काढून बाजूला. बारीक दातांची सपाट कानस. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपला नर-मादी फिटिंगचा जॉब केलेल्या कुणालाही हे काम येतं: कानस पुढं जाताना दाब, मागं येताना उचल, आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी व्हर्निअर. आमचे इन्स्ट्रक्टर जॉब उजेडाकडं धरून फट शोधायचे, तसं पातं खिडकीकडं धरून बघितलं. माथा मागच्या बाजूला तसूभर उतरता निघाला होता, तो सरळ केला. तो सपाट आणि कडक कोपऱ्याचा राहिला पाहिजे. गोलावला तर उन्हात चमकतो आणि नेम धरताना माशीची उंची नेमकी कळत नाही. उघड्या पडलेल्या पोलादाला थंड ब्लूइंग लावलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आता साधारण ३५ मिमी खाली. गणिताच्या जवळ. डावीकडं मात्र तितकंच.

डावीकडं जाणं उजव्या हातानं मारणाऱ्याचं दुखणं असू शकतं, चापावर बोट तिरकं दाबल्याचं. म्हणून आधी हात आणि हत्यार वेगळं केलं. बरोबरच्या मित्रानं पाच घरांत खरी आणि डमी काडतुसं मिसळून भरून दिली, मला न दाखवता. डमीवर घोडा पडला की नळी किती हलते ते तो बाजूनं बघणार. नळी जागेवर राहिली. मग तोच बसून माझ्या काडतुसांवर मारू लागला. त्याच्याही गोळ्या तितक्याच डावीकडं. म्हणजे हत्यार.

उपाय दोन. माशी वाकवणं, जे मला बघवणार नाही, किंवा नळी फ्रेममध्ये किंचित फिरवणं. आटे उजवे आहेत. नळी अजून आवळली तर मारणाऱ्याच्या बाजूनं माशी डावीकडं झुकते, आणि माशी डावीकडं गेली की गोळी उजवीकडं. किती आवळायची? २५ मिमीसाठी माशी ०.३ मिमी सरकायला हवी. माशीचा माथा नळीच्या मध्यापासून सतराएक मिमीवर. जेमतेम एक अंश. एवढ्यानं सिलिंडरच्या फटीत मोजता येईल असा फरक पडणार नाही. पण त्याला नळीचा शिकंजा आणि फ्रेमला बसणारा पाना लागतो. लाकडी ठोकळे आणि बाकाच्या शिकंज्यावर फ्रेम पिळायचे व्हिडिओ बघितले, बघून बंद केले. फ्रेम एकदा पिळवटली की काम संपलं. गनस्मिथकडं दिलं.

१८ जानेवारी, शनिवार

रिव्हॉल्व्हर गनस्मिथकडं, म्हणून रिकाम्या हातानं काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगचा सामना बघायला गेलो. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीचे नियम. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक जुन्या धर्तीची रायफल, एक शॉटगन, जवळची लोखंडी टार्गेटं, घड्याळावर वेळ. विंटर रेंज नावाची यांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा याच बेन एव्हरीवर भरत आलीय.

पोशाखाची हौस आहे, पण मला बघायचं होतं ते भरण्याचं टेबल. प्रत्येक जण पाचच भरतो, घोडा रिकाम्या घरावर, आणि दुसरा माणूस ते तपासतो. मारून झालं की वेगळ्या टेबलावर सगळी घरं रिकामी दाखवायची. नळी ठरावीक कोनाबाहेर वळली की गच्छंती, घोडा चढलेला असताना चालू पडलात तर कडक शिक्षा. गोळी फक्त शिशाची, आणि रिव्हॉल्व्हरसाठी वेग सेकंदाला १,००० फुटांच्या आत, कारण टार्गेट जवळ आणि पोलादाचं. तांब्याचं आवरण असलेली गोळी आपटून तुकडे परत येतात.

एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांचा डावा अंगठा बघत बसलो. घोड्याच्या शिंगावरून तो कधी उचलला गेला असं वाटलंच नाही. पाच गोळ्या, पाच खणखणाट, आणि उजव्या हाताची पकड पहिल्या गोळीला होती तशीच. सिनेमात तळव्यानं घोडा फटाफट मारतात तसं इथं कुणी केलं नाही. त्यानं बोल्ट आणि खाचांची वाट लागते आणि लागत काहीच नाही.

इथं सदस्य व्हायचं तर टोपणनाव घ्यावं लागतं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं. मी घरी येऊन "कोल्हापूर किड" सुचवलं. बायको म्हणाली, "किड? वय बघ." विषय पुढं गेला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

नळी फिरवून आली. टेकवून पंधरा यार्ड: डावीकडची तक्रार संपली, गोळ्या उभ्या रेषेत. खाली ३५ च्या आसपास, म्हणजे आधीसारखंच. बाकावरच परत टेप लावली नाही. घरी येऊन सावकाश ०.३ मिमी घासलं.

मेन स्प्रिंग हलकी घाला म्हणून गनस्मिथ सांगत होता. घोडा चढवायला सोपा जातो हे खरं, पण फार हलकी केली की टोपीवर ठोका कमी पडतो आणि काडतूस उडत नाही. आहे तीच ठेवली. सिलिंडर फिरवणाऱ्या हाताची एक जादा पट्टीची स्प्रिंग मात्र मागवली. या रचनेत मोडणाऱ्यांपैकी ती एक, आणि मोडली की सिलिंडर फिरत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उभं राहून, दोन्ही हातांनी, पंधरा यार्ड. खाचेत माशी, माशीच्या माथ्यावर काळ्या गोलाचं बूड, असा नेम नाही. माथा सरळ गोलाच्या मध्यावर. गोळ्या मध्याभोवती, टेकवून मारल्यावर मध्यापासून बोटभर खाली. ते बोट तसंच ठेवलंय. या लॉटची काडतुसं संपून दुसरा लॉट आला की पहिल्यांदा टेकवून तपासणार, मग ठरवणार.

सिलिंडरच्या तोंडाशी आणि नळीच्या मागच्या टोकाला शिसं बरंच धरलंय. पितळी जाळीनं काढलं, नळी पांढऱ्या चिंधीवर काळं येणं थांबेपर्यंत पुसली. बेस पिनला तेल. अण्णांनी फोनवर विचारलं, पुंगळ्या पुऱ्या भरल्या का. भरल्या.